चौदा सेंटिमीटर वाढत्या अंगाचे

आमच्या घरात अंगाबरोबरचं काही घ्यायची पद्धत नाही. मुलीचा शाळेचा गणवेश दोन दाब घालून शिवला जायचा आणि दाब उसवत उसवत वरच्या वर्गात जायचा. त्यामुळे तिनं कॅनडातून स्की निवडायला मदत मागितली, तेव्हा माझं निम्मं उत्तर तयारच होतं.

स्की म्हणजे बर्फावरून घसरताना पायात अडकवायच्या लांब पट्ट्या. निपाणीत बसून एवढं मला व्हिडिओवरून कळलं होतं. तिच्या ऑफिसातली मंडळी दर शनिवारी डोंगरावर जात. सकाळी सगळा डोंगर हिंडायचा आणि दुपारी ‘टेरेन पार्क’मध्ये, म्हणजे उड्या मारायला मुद्दाम रचलेल्या बर्फाच्या उंचवट्यांवर. ही भाड्याच्या स्कीवर खाली पोचेपर्यंत बाकीचे कॉफी पिऊन पुन्हा वर गेलेले असत.

“मी एकटीच मागं राहते, आप्पा,” ती म्हणाली.

आता दोन्हीकडं चालेल अशी एकच जोडी घ्यायची होती. ती चुकली तर सगळा हिवाळा असाच जाणार. मी कामाला लागलो.

तिनं दुकानातल्या एका जोडीचा फोटो पाठवला. मी म्हटलं, “बदलून माग. मागचं टोकही वर वळलंय.”

“तसंच असतं. उलटं उतरता यायला.”

“उलटं कशाला जायचं?”

“पार्कात जातात, आप्पा.”

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, “हिला सरळ रस्त्यावर ठेचा लागायच्या. आता उलटी जाणार म्हणं!”

रुंदीवर आमचं लवकर जमलं. पायाखाली शहाण्णव मिलिमीटर. पार्कात वळायला फार रुंद नाही, मऊ बर्फात रुतायला फार अरुंद नाही. पाय अडकवायची जागा बरोबर मध्यात नको, जरा मागं हवी, हेही पटलं. अडलं ते लांबीवर. तिची उंची एकशे त्रेसष्ट. दुकानदार एकशे चौसष्टची स्की सांगत होता. मी एकशे अठ्ठ्याहत्तर म्हणत होतो.

“डोक्यावर टीचभर जाईल ती!”

“किंमत दोन्हींची एकच आहे. मग चौदा सेंटिमीटर दुकानात का सोडायचे?”

“मी आता वाढणार नाही, आप्पा.”

हे खरं होतं. सत्तावीस वर्षांची मुलगी वाढत नाही. पण पटेना. शेवटी ती म्हणाली, “बरं, तुम्ही म्हणाल ती घेते.” आता मात्र मला भीती वाटली. नुसत्या अंदाजावर कसं सांगायचं?

कौलं उतरवली तेव्हाच्या रिपा परसात पडून होत्या. त्यातल्या दोन एकशे अठ्ठ्याहत्तरवर कापल्या. रुंदी जुळत नव्हती, पण वाद लांबीचा होता. चपलांना सुतळीनं बांधल्या आणि सोप्यात वळून बघितलं. डावी रीप कॉटखाली गेली, उजवी तिच्यावर चढली. मला पुढं जाता येईना की मागं. तेवढ्यात सदलग्याहून माझी आक्का आली.

“ह्ये काय रं? पाय मोडला व्हय?”

“न्हाय गं आक्का. पोरीची स्की बघतोय.”

“मग तुझ्या पायाला कशाला बांधलीस?”

बायको आतून म्हणाली, “सकाळपास्नं ह्येच चाललंय. आक्का, तुमीच सोडवा.”

आक्कानं सोडवलं, पण आधी पोटभर हसून घेतलं. मग मी त्याच रिपा चौदा सेंटिमीटरनं कमी केल्या आणि पुन्हा बांधल्या. कॉट आणि कपाट यांच्यामधून, कशालाही न लागता, पूर्ण वळलो. आक्का म्हणाली, “लई भारी. आता भाइर रस्त्यावर जा.”

मी मुलीला फोन केला. “एकशे चौसष्टच घे.”

“आप्पा? बरे आहात ना?”

“घे म्हटलं ना.”

नव्या स्कीवरच्या पहिल्या शनिवारचा व्हिडिओ आला तेव्हा आक्का पुन्हा आमच्याकडंच होती. उंचवटा आला, मुलगी उडाली, वीतभर असेल, आणि धप्पकन आडवी झाली. स्की सुटून दोन बाजूंना गेल्या. सगळं टोळकं तिच्याभोवती हसत होतं, ती सगळ्यात मोठ्यानं.

“पडली की रं!” आक्का ओरडली.

“व्हय,” मी म्हटलं, “पण सगळ्यांच्या मधोमध पडली.”