चाचांचा कोपरा

उंब्रजला हायवेच्या कडेला बादशहाचाचा नदाफांचं गाद्यांचं दुकान आहे. पुढं कापूस पिंजायचं यंत्र, मागं एक खोली. त्या खोलीत त्यांची मुलगी रुक्सार गाणी मिक्स करते. म्हणजे आमच्यासारख्यांनी वेगवेगळे वाजवून दिलेले गिटार, ड्रम आणि गळा ती एकत्र बसवते, कुणी कुणाच्या अंगावर पडणार नाही असं. रॉकमध्ये सगळ्यात अवघड काम खालच्या आवाजांचं. ड्रमचा पायानं मारायचा ठोका आणि बेस गिटार, दोघांनाही एकच जागा हवी असते. आमच्या बँडमध्ये बेस मी वाजवतो, त्यामुळे या बाबतीत मी जरा जास्तच हळवा आहे.

रुक्सार हे कुठल्या कॉलेजात शिकली नाही. बारावीनंतर गॅदरिंगची आणि कव्वालीची रेकॉर्डिंगं साफ करत करत शिकली. फेब्रुवारीत तिनं आमचं पहिलं गाणं केलं, तेव्हा ठोका वेगळा आणि बेस वेगळा, हाताच्या बोटांसारखे मोजून घ्यावेत असे होते. मी ते गाणं भेटेल त्याला ऐकवलं.

एप्रिलात दुसरं गाणं दिलं. सांगलीच्या स्पर्धेला ते शुक्रवारपर्यंत पाठवायचं होतं. तिचं पहिलं मिक्स माझ्या दाजींच्या गाडीत लावलं, तर काचा थरथरायला लागल्या. ठोका कुठला, बेस कुठला, काही कळेना, सगळा नुसता गोळा. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याहून वाईट. चौथ्यांदा मी वैतागून मेसेज केला, "कान तपासून घे बाई." पुढं हसरा चेहराही टाकला होता. तिचं उत्तर आलं नाही. दोन दिवस फोनही उचलेना. बुधवारी दुपारी मी कराडहून मोटारसायकल काढली.

रुक्सार खुर्चीत बसली होती, चेहरा उतरलेला. मी माफी मागायच्या आत तिनं ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. सोमवारची कान तपासणीची वेळ घेतली होती.

"अगं, मी चेष्टा केली."

"चेष्टा न्हाई, खरं बोललास. मी बेस वाढवतीय, आनी वाढवतीय, तरी मला पुरेसा ऐकूच येत न्हाई. आन तुमच्या गाडीत काचा हलत्यात. मग कान कुणाचं चाललं?"

चाचांचे कान यंत्रानं खाल्ले हे सगळ्या गावाला माहीत आहे. चाळीस वर्षं त्या घरघराटाला टेकून काढली त्यांनी. रुक्सारचा बारावीपर्यंतचा अभ्यासही त्याच यंत्राशेजारी झालेला.

"अब्बांचं आदी बारीक आवाज गेलं. चिमण्या, पैंजण, मग मानसं. माझं खालनं सुरू झालंय, एवढाच फरक," ती म्हणाली. "वीरधवल, मला ह्याच्याबिगर दुसरं काय येतंय?"

खरं सांगतो, तिची काळजी वाटायच्या आधी मला माझ्या मेसेजची लाज वाटली.

तेवढ्यात बाहेरचं यंत्र थांबलं आणि चाचा आत आले. अंगावर कापूस तसाच. मला हात केला आणि सरळ मागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डोळे मिटून.

"महिना झाला, रोज येत्यात," रुक्सार हळू म्हणाली. हळू बोलायची काही गरज नव्हती. "माझं कायतरी बिघडलंय ते त्येंनाबी कळलं असंल."

तिनं बेस थोडा कमी करून गाणं पुन्हा लावलं. मला फरक कळला नाही. ती तर मान हलवून पुन्हा वाढवायलाच निघाली होती. इतक्यात कोपऱ्यातून चाचा म्हणाले, "आज कमी केलास व्हय गं?"

रुक्सारनं त्यांच्यासमोर जाऊन हातवारे करत विचारलं, कसं कळलं?

"हितं पाठीत येतंय की. ये, बग."

आम्ही दोघंही जाऊन भिंतीला टेकलो. माझा बेस छातीत दणदणत होता. रुक्सार पळत खुर्चीकडं गेली, परत कोपऱ्यात आली, पुन्हा खुर्चीत. खुर्चीत बेस नव्हताच. सगळा या कोपऱ्यात जाऊन साठत होता.

"हितं आदी गाद्या हुत्या," ती म्हणाली. "पार छतापातूर."

लग्नांसाठी करून ठेवलेल्या त्या गाद्या मार्चमध्ये गेल्या. फेब्रुवारीचं गाणं त्या कापसानं, बेस कोपऱ्यात साठू न देता, सांभाळलं होतं. कोपरा मोकळा झाला आणि खोलीनं तिला फसवलं. तिचे कान ठणठणीत होते. ती आधी हसली, मग तोंडावर ओढणी धरून रडली. मीही डोळे पुसले, लपवत नाही.

तिनं खुणेनं चाचांकडं गाद्या मागितल्या. ते लगेच बाहेर निघाले आणि दारात थांबले.

"गाद्या हुत्या तवा हितं कायबी येत न्हवतं," ते म्हणाले. "मोकळं झालं तवा पयल्यांदा कळलं, माझी पोरगी करती काय ते. लय ग्वाड वाटायचं." आणि गाद्या आणायला गेले.

"नको अब्बा," रुक्सार म्हणाली, पण त्यांची पाठ होती. आमच्या बाजूनं बोलायला फक्त शुक्रवारची मुदत होती.

त्या कोपऱ्यात गाद्या चाचांनी स्वतः रचल्या, एकावर एक, मला हात लावू दिला नाही. रुक्सारनं गाणं लावलं. तासाभरात ठोका वेगळा झाला, बेस वेगळा झाला. इतका स्वच्छ माझा बेस मी कधीच ऐकला नव्हता, आणि मला तो ऐकवेना.

चाचांनी गादीवर तळहात ठेवला, मग पाठ टेकून बघितली. बराच वेळ उभे राहिले.

"आता काय येत न्हाई," ते म्हणाले. "म्हंजी जमलं, न्हवं?"

रुक्सारनं मान हलवली. चाचा खुश झाले आणि यंत्र सुरू करायला बाहेर गेले.