चिलापीचं औषध

दाजींनी मिरजगावाकडचा पाझर तलाव मासे पाळायला घेतला, तेव्हा मी नगरला बी.एस्सी. करत होते, प्राणिशास्त्र घेऊन. सुट्टीत आक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, गेले की दाजी चिलापी माशाचंच पुराण लावत. मादी अंडी तोंडात धरून उपाशी राहते, म्हणून तिचं अंग भरत नाही. नर मात्र चांगला पोसतो. बारक्या पिल्लांना खाद्यातून औषध दिलं की सगळे नरच निपजतात, असं त्यांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं. ते खरंही होतं.

आक्काला दोन मुली होत्या आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. एका सकाळी दाजी तिच्यापुढे पेला धरून उभे. गोऱ्हा झालेल्या गाईचं दूध आणि त्यात वैदूची काळपट पूड. मुलगा व्हावा म्हणून हे आमच्याकडे घरोघर पाजायचे. दाजींनी त्याला तलावातला दाखला जोडला.

“माशाला व्हतं, मंग मानसाला का न्हाई?”

माझं डोकंच फिरलं. पेला ओढून घेतला आणि मोरीत ओतला.

“दाजी, माशांचं काही खरं नसतं. काहींचं नर की मादी हे पाण्याच्या उबेवर ठरतं, काही थोरपणी मादीचे नर होतात. एका भावकीतल्या दोन माशांचे नियम जुळत नाहीत. आपलं तसं नाही. बापाकडून काय आलं त्यावर पहिल्याच दिवशी ठरतं. आता ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही.”

“बदलायचंच न्हाई?”

“नाही म्हणजे नाही.”

ते रिकामा पेला उचलून निघून गेले. मला वाटलं, चांगली जिरवली. त्याच तोऱ्यात मी नगरला परतले.

महिना-दीड महिन्यानं दाजी आक्काला जीपमधून माझ्या खोलीवर घेऊन आले. तिला धड उभं राहवत नव्हतं. मी काय झालं विचारलं.

“तुमीच म्हनला ना, बदलत न्हाई. मंग मशिनीवर बघून घेतलं. पोरगीच हुती. मोकळी केली.”

मला त्या माणसाची किळस आली. त्यांना बाहेर घालवून मी आक्काजवळ बसले, तिच्या कपाळावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला.

“पिऊ द्यायचं हुतंस गं ते,” ती म्हणाली. “आशेवर ह्ये नऊ म्हैने तरी थांबले असते.”