कोरी टोकं

हरणात मला कधीच रस नव्हता; रस होता तो बाणात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शिकारी समजायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी मिशिगनमध्ये, ॲन आर्बरबाहेरच्या एका कारखान्यात इंजिनियर होतो. गाड्यांच्या स्प्रिंगा किती वेळा वाकल्यावर तुटतात, याची गणितं करणं हे माझं काम. टूलरूममध्ये साठीला टेकलेला एक मशिनिस्ट होता. माझ्या ड्रॉइंगमधल्या चुकांवर तो लाल पेन्सिलीनं गोल करून कागद परत पाठवायचा आणि मला 'प्रोफेसर' म्हणायचा. त्यात कौतुकाचा भाग अगदीच थोडा होता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तो टूलरूमच्या बाकावर बाणांना पिसं चिकटवताना दिसला. टर्की पक्ष्याची लांब, रुंद पिसं, आणि तीही नळीवर थोडी तिरपी, पीळ दिल्यासारखी. एवढी मोठी पिसं कशाला, हवेचा अडथळा नाही का वाढत, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अशीच चालतात." या उत्तराचा मला मनापासून राग येतो. माझं अर्धं आयुष्य असल्या उत्तरांशी भांडण्यात गेलंय.

त्या भांडणातूनच मी धनुर्विद्येत पडलो. त्यानं आपलं जुनं कंपाउंड धनुष्य मला वापरायला दिलं. याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की जोर एकदम हलका होतो आणि निवांत नेम धरता येतो. शहराच्या पश्चिमेला त्याची शेती होती आणि शेतीला लागून ओकचं रान. ऑक्टोबरात हरणांचा हंगाम सुरू झाला की तिथे ये, असं त्यानं सांगितलं, पण एक अट घातली.

"पहिल्या बाणात जनावर गेलं पाहिजे. जखमी होऊन ते रानात फिरत राहिलं, तर ते तुझ्या डोक्यावर. एवढी खात्री नसेल तर येऊ नकोस."

खात्री ही माझ्या मते गणितानं येणारी गोष्ट होती. तो सगळा उन्हाळा मी बाण जुळवण्यात घालवला. बाण म्हणजे एकच वस्तू अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो चार निर्णयांचा असतो. नळी, मागची खाच, पिसं आणि टोक. नळी ॲल्युमिनियमची. ती किती ताठ हवी हे धनुष्याच्या जोरावर आणि बाणाच्या लांबीवर ठरतं, कारण दोरी सुटल्यावर बाण आधी वाकतो आणि मग सरळ होतो. वाकणं हा माझाच विषय. मी पातळ पत्र्याची हलकी नळी निवडली, म्हणजे वेग जास्त. पिसांऐवजी प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या घेतल्या आणि त्या पीळ न देता सरळ चिकटवल्या, म्हणजे अडथळा कमी. टोक तीन पात्यांचं, पाती ब्लेडइतकी धारदार आणि रुंद, म्हणजे जखम मोठी आणि मरण लवकर. प्रत्येक निर्णयामागे एक पान गणित होतं. मशिनिस्टनं ती पानं चाळली, लाल पेन्सिल काढली नाही, आणि फक्त एवढंच म्हणाला, "सोडून बघ."

सरावासाठी साधी, निमुळती टोकं असतात. वजन शिकारीच्या टोकाइतकंच, पण पाती नाहीत. ती लावून मी रोज संध्याकाळी त्याच्या शेतावर बाण सोडायचो. ऑगस्टअखेर पंचवीस यार्डांवरून माझे सहाच्या सहा बाण चहाच्या बशीएवढ्या जागेत बसायला लागले. मला आनंद झाला, आणि थोडा माजही आला.

बायको मूळची नागपूरची, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. मटण खायला तिची ना नव्हती, पण माझं हे नवीन खूळ तिला पटत नव्हतं. एकदा भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "अहो, त्याचे हाल नाही ना होणार?"

"नाही. सगळं कॅलक्युलेट केलंय."

"बघा हं," ती म्हणाली आणि परत भाजीकडे वळली.

तीन पात्यांची टोकं सप्टेंबरात टपालानं आली. नवरात्र तोंडावर होतं. आमच्या घरी आईची एक शिस्त होती: कोरी वस्तू पूजेआधी वापरायची नाही. विळी असो, शिलाई मशीन असो, की वडिलांचं फाउंटन पेन. हत्याराच्या बाबतीत तर ती खंडेनवमीपर्यंत थांबायला लावायची. मी एरवी देवाधर्मातला नव्हे. पण परदेशात आल्यावर माणूस नको त्या गोष्टी जपत बसतो, तशी ही शिस्त मी जपली होती. टोकं डब्यातच ठेवली. सोडून बघितली नाहीत.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. शुक्रवारी, खंडेनवमीला, आम्ही दिवाणखान्यात चादर अंथरून त्यावर माझा कॅलक्युलेटर, पान्यांचा संच, तिचा लॅबचा कोट, गाडीच्या किल्ल्या आणि धनुष्यबाण मांडले. टोकं त्या दिवशी पहिल्यांदा बाणांवर चढवली. बायकोनं प्रत्येकाला जपून हळदकुंकू लावलं, बोट कापू नये म्हणून पात्याच्या सपाट बाजूला. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. मग दसऱ्याला पहाटे उचललं ते थेट रानात जायलाच. सीमोल्लंघनाचा मुहूर्त, असंही मनात येऊन गेलं. आता ते लिहितानासुद्धा लाज वाटते.

मशिनिस्ट एका झाडावर, मी हाकेच्या अंतरावर दुसऱ्यावर. सकाळी आठच्या सुमारास एक हरणी ओकची फळं वेचत माझ्या मचाणासमोर आली. वीस-बावीस यार्ड, डावीकडे तोंड, पूर्ण आडवी. याहून सोपा नेम पुस्तकातही नसतो. मी दोरी ओढली, खांद्यामागची जागा धरली आणि सोडली. हात हलला नाही, याची मला आजही खात्री आहे.

बाण वीतभर उजवीकडे, म्हणजे पोटात गेला.

ती उसळली नाही. पाठ वर काढून, पोटात कळ आल्यासारखी, चार पावलं चालली, थांबली, मागे वळून पोटाकडे बघितलं, आणि हळूहळू झुडपांत शिरली. मशिनिस्ट खाली उतरून आला. पलीकडे पडलेला बाण त्यानं उचलला, हुंगला आणि माझ्या नाकाशी धरला. चघळलेल्या गवताचा आंबट वास होता.

"पोटात," तो म्हणाला. "आता थांबायचं. लगेच मागे गेलो तर ती उठून मैलभर पळेल आणि कधीच सापडणार नाही. दुपारी दोनला निघू."

सहा तास. आम्ही त्याच्या ट्रकमध्ये बसलो. थर्मासमधली कॉफी संपली. ऊन चांगलं पडलं होतं, रान लाल-पिवळं झालं होतं आणि हरणी तिथेच कुठेतरी होती. मला त्या सहा तासांत जे वाटलं त्याला पश्चात्ताप म्हणणं फार नेटकं होईल. मला फक्त घरी जावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "ही टोकं कितीदा सोडून पाहिली होतीस?"

मी त्याला खंडेनवमी समजावली. कोरी वस्तू, पूजा, आईची शिस्त. तो हसला नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या आईनं सोडून बघू नको म्हणून सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. आई नवी विळी पूजेनंतर वापरायला काढायची, पण मग पहिल्या दिवशी तिच्यावर काकडीच चिरून बघायची. पूजा सप्टेंबरातही एखाद्या शनिवारी करता आली असती. आईनं तेवढी सवलत नक्की दिली असती. खरं म्हणजे माझ्या गणितावर माझा इतका विश्वास होता की बघण्यासारखं काही उरलंय असं मला वाटलंच नव्हतं. पूजेचं निमित्त आयतंच हाती आलं. हे मी त्याला म्हणालो नाही, पण त्याला ते कळलं असावं.

दोन वाजता आम्ही निघालो. ओढ्याकाठच्या उंच गवतात ती बसली होती. जिवंत होती. आम्हाला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले, मागचे उठले नाहीत. मशिनिस्टकडे त्याचं धनुष्य होतं, पण त्यानं ते उचललं नाही. माझ्याकडे बघितलं. मी दहा पावलांवरून दुसरा बाण सोडला. एवढ्या जवळून कुठलाही बाण सरळच जातो.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. तिनं विचारलं, आणि मी खोटं बोललो नाही. दुसरा बाण, सहा तास, सगळं सांगितलं. ती आत गेली आणि त्या संध्याकाळी सोनं द्यायला येणाऱ्या सगळ्यांना तिनं फोन करून घरी येऊ नका म्हणून कळवलं.

पुढच्या शनिवारी मशिनिस्टनं मला शेतावर बोलावलं. वाळूच्या ढिगाऱ्यावर त्यानं एक कागदी ताटली टाचली होती. उरलेले चार बाण आण, म्हणाला, तेच टोक, तीच पाती. मी पंचवीस यार्डांवर उभा राहिलो. पहिला बाण ताटलीच्या वीतभर उजवीकडे वाळूत घुसला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा आणि चौथाही तिथेच. टोकाचं वजन मी धरलं होतं; त्याची रुंद पाती पुढच्या बाजूला पंखांसारखी वारा धरतात आणि मागच्या छोट्या, सरळ पट्ट्यांना ती आवरत नाहीत, हे धरलं नव्हतं. मशिनिस्टची तिरपी, मोठी पिसं त्याचसाठी होती.

चारही बाण मूठभर जागेत बसले होते, एका रेषेत. मी वाळूतून बाण उपसायला गेलो, तेव्हा सहज घड्याळाकडे लक्ष गेलं. धनुष्य हातात घेतल्यापासून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.