फॅनबेल्टचा भाव

नव्या रबराचा वास आला की मला अकोल्यातली स्पेअर पार्टच्या दुकानांची गल्ली आठवते आणि माझे पाय जागच्या जागी चुळबुळायला लागतात. बायकोची नोकरीची मुलाखत बारा वाजता अमरावतीला होती, आणि सकाळी नऊला आमच्या जुन्या गाडीचा फॅनबेल्ट नेमका त्या गल्लीपाशी तुटला. ती घड्याळ बघत गाडीत बसली, मी दुकानात शिरलो. भिंतीवर पाटी होती, ‘कमी भाव दाखवा, त्याच भावात न्या.’ झालं! मी वकिलासारखा फोन उंचावून ऑनलाइन भाव दाखवला. काउंटरवर कोपर टेकून दुकानदार म्हणाला, “भाऊ, भाव फोनमधला हाय, मंग बेल्टई फोनातूनच काढा ना!” मी ती पाटी त्याला मोठ्याने वाचून दाखवली. बाहेर हॉर्न वाजला. मी फोनमधल्या बेल्टशी कंपनी जुळवली, नंबर जुळवला. पुन्हा हॉर्न. पण माघार घेववेना. मग हॉर्न थांबला. मला वाटलं, समजूतदार बाई! पाऊण तासाने दुकानदार हसला, “घ्या बाप्पा, तुमचाच भाव,” आणि त्याने चहा सांगितला. सौदा जमल्यावरचा चहा कसा नाकारणार? दुसऱ्या घोटाला फोन वाजला. “मी अमरावती रोडवर बोरगावले पोचली,” बायको म्हणाली. “समोरच्या दुकानातून बेल्ट घेतला, मिस्त्रीनं बसवून देला. तुमी या एसटीनं, सावकाश.” नोकरी तिला मिळाली. आता गाडीचं काही आणायचं असलं की ती मला घरी ठेवून जाते, आणि मी खिडकीत उभा राहून मनातल्या मनात एकटाच भाव करत राहतो.