टेकडी उजव्या हाताला

जुनी शहरं धुंडाळायचं माझं वेड तुम्हाला माहीतच आहे. पण पनवेल? कोकणची गाडी बदलायची जागा, एवढीच माझी अक्कल! ती सासऱ्यांनी ठिकाणावर आणली. अण्णा तिथल्या मिठागरांत वाढले, नोकरीसाठी नाशिकला आले ते इथलेच झाले. आता काचबिंदूनं त्यांची नजर चाललीय. "दिसतंय तवर आमची टेकडी बघून येऊ," म्हणाले. "गाव विमानतळात गेलं, ठावं हाय. टेकडी कोण उचलतंय?"

सकाळची एसटी धरली, दुपारी पनवेल. स्टँडजवळ तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खा, खिशाला झेपतं. मग वडाळे तळ्यापाशी गेलो. भर गावात एवढं पाणी! तिथून अण्णाच माझे गाइड झाले. इथे बैलगाडीची चाकं बनायची, खाडीवरच्या बंदरात मीठ-भाताची गलबतं लागायची. मी आ वासून ऐकत राहिले. इतकी वर्षं या गावात मी नुसत्या बॅगा सांभाळत बसले होते!

"होडीत बा येकच सांगायचा," अण्णा म्हणाले, "टेकडी उजव्या हाताला धर, पनवेल चुकायचं नाय."

उरण रस्त्यानं रिक्षा केली (भाडं आधी ठरवा). अण्णा सारखे उजवीकडे बघत होते. एके ठिकाणी उतरलो. कुंपण, पलीकडे सगळं सपाट.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझा दंड घट्ट धरला. "वैशाली, संपले गं डोळे. येवढी टेकडी दिसत नाय मला."

टेकडी मलाही दिसत नव्हती!

कडेला भाजी विकणारी मावशी म्हणाली, "बाबा, डोळं बरं हायत तुमचं. टेकडीच नाय. सुरुंग लावून फोडली, भरावाला घातली."

अहो, अख्खी टेकडी! मी बधिर झाले. अण्णांनी माझा दंड सोडला. "म्हंजे दिसतंय मला," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले.

घरी येऊन चार दिवस झाले, धक्का काही ओसरत नाही. तळ्यांसाठी, बाजारासाठी पनवेलला जरूर जा. हे लिहिलेलं अण्णांना वाचून दाखवलं. रस्त्याचा भाग आला तसं त्यांनी मला थांबवलं.

"टेकडी उजव्या हाताला. लिव."

"अण्णा, लोक शोधत बसतील हो."

"शोधू दे की."