राबार्बरची भाजी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी आईजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. तिला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. आणि या गोष्टीवरचं उत्तर मला जर्मनमध्ये ऐकायचं नाही. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. फ्राउ क्रूझे तर त्याआधीच गेली असणार. ज्यांच्यापासून लपवायचं त्यातलं आता कुणी उरलं नाही. मग तरी जीभ एवढी जड का होते?

भाजीपासून सुरुवात करते. भाजीबद्दल बोलणं मला सोपं जातं.

एकोणीसशे साठच्या आगेमागे मी लग्न होऊन ब्राउनश्वाइगला आले. हे तिथल्या इंजिनियरिंगच्या होखशूलेत डॉक्टरेट करत होते. सकाळी ते गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि घड्याळ. आमच्या कऱ्हाडच्या घरी कुणी नुसतं शिंकलं तरी शेजारून ‘शतायुषी हो’ यायचं. इथे जिन्यात माणसं भेटायची, ‘गुटेन टाग’ म्हणायची आणि आपापलं दार लावून घ्यायची. पोळ्या लाटताना मी मोठ्याने स्वतःशीच भांडायची. हसू नका, खरंच! सासूबाईंची बाजूही मीच मांडायची आणि माझीही. आणि दर वेळी मीच जिंकायची, त्यामुळे त्यातही काही राम उरला नाही.

फ्राउ क्रूझे आमची घरमालकीण, खालच्या मजल्यावर एकटीच राहायची. साठी उलटलेली. नवरा युद्धावरून परत आला नव्हता, मूलबाळ नव्हतं. तिचं म्हणण्यासारखं एकच होतं, नदीच्या बाजूला श्रेबरगार्टनमधला तिचा तुकडा. गावातल्या लोकांना भाड्याने मिळतात तसले ते जमिनीचे लहानलहान तुकडे, प्रत्येकाला कुंपण आणि एक लाकडी खोपटं. एका एप्रिलात ती वर आली, माझ्या हातात खुरपं ठेवलं आणि म्हणाली, “कॉम, किंट.” चल, पोरी.

आणि मी गेले. बाई, किती महिन्यांनी मला कुणी ‘चल’ म्हटलं होतं!

मे महिना, आणि अंगात लोकरीचा कोट. आमच्याकडे मेमध्ये माणूस घामाने निथळतो, इथे मातीत हात घातला की बोटं बधिर. पण त्या गारठ्यातही वाफे भरून यायचे. पालक, लाल मुळे, वाटाण्याचे वेल चढायला रोवलेल्या काटक्या. घेवडा मात्र महिन्याच्या मध्यापर्यंत लावायचा नाही, असा तिचा दंडक. ‘थंडी सोफी’ नावाच्या कुणा संतिणीचा दिवस जाऊ द्यायचा, तोवर केव्हाही दंव पडून कोंब जळतात. आमच्याकडे अक्षय्यतृतीयेला वेल लावतात, तसंच की हे! मी तिला ते मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, तर तिने मान डोलावली आणि घेवड्याच्या दाण्यांची पुडी माझ्याच हातात दिली.

कोपऱ्यात राबार्बर होता. जाडजूड लाल देठ, आणि त्यावर अळूएवढी मोठी पानं. जर्मन लोक त्याचे देठ साखर घालून शिजवतात, आणि पानं टाकून देतात. फ्राउ क्रूझे देठ कापायची आणि पानं मागच्या ढिगावर फेकायची. तिथे सगळा पालापाचोळा, सालं, तण कुजत पडलेलं असायचं. मी देठ चाखून बघितला. आंबट! थेट आंबट चुक्याची चव. मी एक पान उचललं, तशी तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. मान हलवली, पोट धरून दाखवलं, तोंड वाकडं केलं.

मला समजलं नाही असं मी म्हणणार नाही. तिने सांगितलं ते मला स्वच्छ समजलं होतं. पण याच बाईने महिनाभरापूर्वी माझ्या मिरचीच्या लोणच्याचं टोक जिभेला लावून असंच पोट धरलं होतं. मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय पालेभाजीतलं? सोन्यासारखी पानं उकिरड्यावर टाकतात आणि देठं खातात!

आता वसंताबद्दल. वसंत सांगलीचा, ह्यांच्या हाताखाली शिकणारा मुलगा, दर रविवारी आमच्याकडे जेवायला. मला ‘वहिनी’ म्हणायचा. अख्ख्या आठवड्यात मला ‘वहिनी’ म्हणणारा तेवढाच. तो घरची आठवण काढायचा ती जेवणातून. एका रविवारी म्हणाला, “वहिनी, चुक्याची पातळ भाजी खाऊन किती दिवस झाले हो! आई शेंगदाणे आणि डाळ घालून करते.” आणि मान खाली घालून बटाटे चिवडत बसला. त्याच्या ताटात मी केलेले बटाटे, आणि त्याचं मन त्या भाजीत! मला ते लागलं.

पुढच्या शनिवारी बागेत फ्राउ क्रूझेने मला पालकाची जुडी कापून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. मग ती कुंपणापाशी शेजारणीशी बोलायला गेली. मी मागे गेले आणि ढिगावरची, त्यातल्या त्यात ताजी, अशी राबार्बरची पानं उचलली आणि पिशवीच्या तळाशी दाबली. वर पालकाची जुडी ठेवली.

रविवारी भाजी केली. पिवळ्या वाटाण्याची डाळ, शेंगदाणे, कऱ्हाडहून आणलेला हिंग. वास असा सुटला की मलाच भरून आलं. ह्यांना पित्ताचा त्रास, आंबटाला ते हात लावत नसत. वसंताने मात्र पहिला घास घेतला आणि डोळे पुसले. अगदी खरे अश्रू हो. पुन्हा घेतली, पुन्हा घेतली. मला उरली ती पातेल्याच्या तळाची. बायकांनी मागाहून बसायचं, ते जर्मनीत येऊनही सुटलं नव्हतं. “वहिनी, तुम्ही सुगरण आहात,” तो म्हणाला. हे कौतुकाने माझ्याकडे बघत होते. तो दिवस माझा होता.

संध्याकाळी माझ्या पोटात मळमळायला लागलं. दुसऱ्या दिवशी कळलं की वसंत हॉस्पिटलमध्ये आहे.

उलट्या थांबत नव्हत्या, मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. आम्ही धावत गेलो. डॉक्टर म्हातारे होते. युद्धाच्या टंचाईत लोक काय काय खात होते ते त्यांनी पाहिलेलं. भाजी आंबट होती हे वसंताने त्यांना सांगितलं होतंच. त्यांनी मला विचारलं, भाजी कसली होती? मी म्हटलं, पालक. कुठून आणला? घरमालकिणीने तिच्या बागेतून कापून दिला. बागेत राबार्बर आहे का? आहे. मग त्या बाईच्या हातून चुकून त्याची विषारी पानं जुडीत आली असतील का?

हे शेजारी उभे होते. वसंत पांढराफटक पडून होता. आणि मला काय दिसत होतं सांगू? मी उकिरड्यावर वाकलेली. आलेल्या पाहुण्याला, हक्काने ‘वहिनी’ म्हणणाऱ्याला, मी कुजत टाकलेली पानं उचलून वाढली! हे कऱ्हाडला कळलं तर? ह्यांना कळलं तर?

मी म्हटलं, “असतील.”

थांबा. एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी हे लिहायलाच बसले नसते. भाजीचं अज्ञान होतं, आणि ‘असतील’ हे घाबरून तोंडातून निघालं. तेवढं कुणाच्याही हातून होईल. पुढचं मी घाबरून केलेलं नाही.

त्या संध्याकाळी ह्यांनी फ्राउ क्रूझेच्या दारात उभं राहून तिला सगळं सांगितलं. अगदी सभ्यपणे, दोष न देता. ती “नाइन, नाइन” म्हणाली. नाही, नाही. ते शक्यच नाही. “पालकाचा वाफा इकडे, राबार्बर तिकडे, मी लहानपणापासून हे करतेय.” अगदी ठामपणे बोलत होती. मग ती माझ्याकडे वळली. “तू तिथे होतीस. तू सांग. मी दिली का ती पानं?”

ती आरोप करत नव्हती. खरंच विचारत होती. बागेत तिच्याबरोबर मीच होते ना?

मी म्हटलं, “जुडीत मोठी पानं होती. मला वाटलं, तुमच्याकडचा पालक असाच असतो.”

तिने आपले हात उलटसुलट करून बघितले, आणि दार लावून घेतलं.

वसंत वाचला. आठवडाभरात त्याला बरं वाटू लागलं, तेव्हा फ्राउ क्रूझे माझ्याबरोबर त्याला बघायला आली. चांगला कोट घातला होता, हातात बागेतली फुलं. त्याला जर्मन उत्तम येत होतं, पण तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “तू तुमच्या भाषेत सांग त्याला. म्हणजे त्याला नीट पोचेल.” आणि मी त्या मुलाच्या पलंगापाशी उभी राहून मराठीत म्हटलं, “माझ्या हातून चूक झाली. तुझा जीव जायची वेळ आली. मला माफ कर.” म्हटलं, आणि लगेच जोडलं, “असं त्या म्हणतायत.”

वसंत धडपडत उठून तिच्या पाया पडला. ती रडायला लागली. मी दोघांना रुमाल दिले.

त्यानंतर तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला. गॅस बंद केला की पुन्हा जाऊन बघायची. कुलूप लावून जिन्यातून परत फिरायची. जूनमध्ये घेवडा काठ्यांना लागला होता, कोवळी टोकं वर चढत होती, आणि तिने बाग सोडली. मी म्हटलं, “अहो, एका चुकीने काय होतंय?” एका चुकीने! हे मी म्हटलं, बरं का. ती म्हणाली, “या वेळी मुलगा वाचला. मला आठवतसुद्धा नाही मी ते केलेलं. जे आठवत नाही त्याची भीती जास्त.” बाग कुणा तरुण जोडप्याला गेली. नंतर ती त्या रस्त्याने कधी गेली नाही.

आणि ती माझ्याकडे येऊ लागली. रोज. बाजारातून आणलेली भाजी घेऊन वर यायची आणि टेबलावर पसरायची. “यात काही भलतंसलतं नाही ना, बघ.” मी पान न् पान उलटून बघायची, वास घ्यायची आणि म्हणायची, “ठीक आहे.” मग आम्ही कॉफी प्यायचो. ती विणत बसायची, मी पोळ्या लाटायची. ती मला तिच्या नवऱ्याबद्दल सांगायची, आईबद्दल सांगायची. माझी जर्मन सुधारली ती त्या टेबलावर. मी स्वतःशी भांडायची थांबले.

आता खरं ते सांगते. मला ते आवडत होतं.

सुरुवातीला मी लाजेने गप्प होते, हे खरं. पण पुढे वसंत ठणठणीत झाला, शिकून सांगलीला परतसुद्धा गेला. ह्यांनी फार तर चार दिवस अबोला धरला असता. मग मला कुणाची भीती होती? तिला एकच वाक्य सांगायचं होतं: पानं मी उचलली, तुमचं डोकं शाबूत आहे. पुढच्या वसंत ऋतूत तिने दुसरा तुकडा भाड्याने घेतला असता. पण माझ्या टेबलापाशी ती पुन्हा बसली असती का? जिने तिला वेड्यात काढलं तिच्या हातची कॉफी घेतली असती का? एवढाच हिशेब होता. मला घरात माणूस हवं होतं, म्हणून मी एका शहाण्या बाईला तिची बुद्धी चळली असं मानू दिलं. तीन वर्षं. रोज तिची भाजी तपासून.

मग ह्यांना कोलोनला नोकरी लागली. तिथे ह्यांच्या ओळखीची दोन मराठी कुटुंबं आधीच होती. मी आनंदाने सामान बांधलं. खोटं कशाला बोलू, मी गाणं गुणगुणत होते. निघायच्या दिवशी फ्राउ क्रूझे खालच्या दारात उभी होती. तिने मला जवळ घेतलं, माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग जरा हसून म्हणाली, “आता माझी भाजी कोण बघणार?”

हे सामान घेऊन पुढे गेले होते. जिन्यात आम्ही दोघीच होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

मी म्हटलं, “शेजारणीला दाखवत जा.” आणि निघाले.