पळसाची जागा

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचं तरवडाला पाणी घालत होतो. "गेले रे सर," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, एवढंच म्हणाल्या. माझी नजर आपोआप फाटकाजवळच्या पेव्हर ब्लॉककडे गेली. दीड महिना झाला... अजून तिकडंच जाते.

साळवे सर मंठ्याच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे. माझे आईवडील दुसऱ्यांच्या रानात राबायचे. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला, आणि कॉलेजचा फॉर्म भरायला माझ्यासोबत जालन्याला आले ते सरच. उत्तर चुकलं तर सर फुली मारत नसत. त्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल करून वही परत देत. म्हणजे पुन्हा सोडवून आणायचं. पुढे मला जालन्यात नोकरी लागली, शहराबाहेर प्लॉट घेऊन घर बांधलं. आमच्या नावावर झालेली ती पहिली जमीन. सरही तोवर निवृत्त होऊन जालन्यात मुलाकडे आले होते. बाग कशी करू, असं विचारलं तर म्हणाले, नर्सरीत जाऊ नको, एक पावसाळा काहीच लावू नको, आपोआप काय उगवतं ते आधी बघू.

मग दर रविवारी ते आलेखाचा कागद घेऊन यायचे. पाणी कुठं साचतं, दुपारी भिंतीची सावली कुठवर येते, सगळं टिपायचे. दोन नकाशे केले, एक मला, एक त्यांना. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं गोल आखले. न्हाणीच्या पाण्यावर अडुळसा, कुंपणाला करवंद, पुढं तरवड, कोपऱ्यात बहावा. आई बघून हसली. "जल्मभर रानातच होते मी, आता रान घरी आणून राह्यले का सर?" सर म्हणाले, "ते लोकाचं रान होतं, आक्का. हे तुमचं हाये." आई पदर तोंडाला लावून आत गेली.

फाटकाजवळचा गोल पळसाचा होता. बी सरांनी मंठ्याच्या माळावरून स्वतः आणलेलं. उन्हाळ्यात हे वरून वाळंल, मेलं असं वाटंल, पण काढू नको, खाली मूळ वाढत असतं... हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, वर्गात महत्त्वाचा मुद्दा सांगत तसं.

पुढच्या उन्हाळ्यात ते खरंच वाळलं. त्याच वेळी बहिणीचा साखरपुडा ठरला. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहायला फाटकाजवळ पेव्हर बसवायचे होते. मिस्त्रीनं विचारलं, ही वाळकी काडी काढू का? मी काढ म्हणालो. सरांचं बोलणं विसरलो होतो, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. पाहुण्यांसमोर दारात वाळकी काडी नको वाटली.

सरांचं आजारपण त्याच सुमारास सुरू झालं. येणं थांबलं, पण रविवारी सकाळी सहाला फोन यायचा. "पळस काय म्हणतो?" मी म्हणायचो, फुटलाय सर. पुढं म्हणालो, गुडघ्याएवढा झाला. मग कमरेएवढा. सर म्हणायचे, बराबर, पाणी जास्त घालू नको. भेटायला गेलो की सांगून टाकू, असं दर वेळी ठरवायचो, आणि त्यांच्या उशाशी बसून पळसाची उंची सांगून परत यायचो.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी एक फाईल माझ्या हातात दिली. त्यात सरांचा नकाशा होता. पळसाच्या गोलावर लाल पेन्सिलीनं पुन्हा एक गोल काढलेला. मी काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यातून येताना तुमच्या गल्लीतून रिक्षा घ्यायला लावली त्यांनी. फाटकापाशी थांबवली, खाली उतरले न्हाईत. मी म्हणलं, आक्काला आवाज देऊ का? तर म्हणले, नको, त्याला सांगू दे."

त्यानंतरही वर्षभर दर रविवारी फोन आला. तोच प्रश्न, तोच आवाज. एकदा तर मी त्या पळसाला कळ्या आल्याचं सांगितलं... सर म्हणाले, बराबर, पाणी जास्त घालू नको.

मागच्या आठवड्यात मी तिथले ब्लॉक काढले. खाली मुरूम निघाला, मूळ दिसलं नाही. चुन्यानं गोल आखला, मंठ्याच्या माळावर जाऊन आणलेलं बी लावलं. रविवारी सकाळी सहाला मी तिथं उभा राहतो. फोन खिशात असतो. "सर, पळस न्हाई," मी म्हणतो. "मी काढला." आई आतून विचारते, कोणाशी बोलून राह्यला रे? मी वाकून गोलात थोडंसंच पाणी घालतो.